पेटीचा गंधार

३ जानेवारी, शुक्रवार

वरच्या मजल्यावरची कादंबरी आज सतार घेऊन आली. सतार कसली — खेळणंच! नेहमीच्या सतारीच्या निम्मी. नोकरीपायी बाईसाहेबांना सारखं विमानाने फिरावं लागतं, म्हणून छोटी घेतली म्हणे, तीही जुनी. दांडीवरचे पडदे बांधायचे दोरे कुजलेले. पितळी पडदे सुटे करून भाजीच्या पिशवीत घालून आणले होते! "काका, एवढे बांधून द्याल का?"

आमचे गोपाळकृष्ण लगेच हो म्हणाले. माझ्या सतारीचे दोन पडदे दिवाळीपासून सैल आहेत. ते अजून "बघू"वर आहेत.

५ जानेवारी, रविवार

पडदे बांधणं हे आमच्याकडे दोघांचं काम. मी तार छेडायची, ह्यांनी पडदा सरकवायचा. मी म्हणायचं "अंमळ वर", "अंमळ खाली", "हं, बांधा". मग ह्यांनी गाठ मारायची. लग्न झाल्यापासून असंच. माझ्याकडे शिकून गेलेल्या सगळ्या मुलींच्या सतारी अशाच लागल्या.

म्हणून आज हाक येईल याची वाट बघत होते. चहा झाला, भांडी झाली, हाक नाही. बाहेर येऊन बघते तर सतरंजीवर माझ्या जागी कादंबरी! दोघांची डोकी एका मोबाइलवर. त्यात म्हणे सूर दिसतो. बरोबर लागला की हिरवा दिवा. सूर दिसतो — ऐका!

हे तिला विचारत होते, "अंमळ वर घेऊ का?"

"अंमळ म्हणजे किती, काका?"

हे हसले. मला तो शब्द तिच्यासमोर काढलेला अजिबात आवडला नाही. तो आमचा आहे. राग आला असं लिहिणार होते, पण राग नव्हे. मत्सर. सहासष्टाव्या वर्षी!

६ जानेवारी, सोमवार

पोह्यांत मीठ विसरले. ह्यांनी मुकाट्याने खाल्ले. एरवी एवढं सोडतात होय!

९ जानेवारी, गुरुवार

ऑफिसातून आली की ती थेट आमच्याकडे. रस्त्याचा आवाज नको म्हणून खोलीचं दार ओढून घेतात. आतून टुणटुण, मग कुजबुज, मग हिचं हसू. आज चहासाठी हाका मारून माझा घसा सुकला. ह्यांचं लक्ष ठिकाणावर असेल तर ना! शेवटी तीच दार उघडून आली. "काकू, काही हवंय का?" माझ्या घरात मलाच विचारते!

मांजरी गावी राहणाऱ्या निशाला फोन केला. लेकीला सांगायचं नाही तर कुणाला? ती हसत सुटली. म्हणाली, आई, बाबा एकाहत्तर वर्षांचे आहेत. म्हटलं, मग त्यांना शोभतं का? त्यावर आणखीच हसली. मला मेलं हसू येत नव्हतं.

इतकी वर्षं या घरात मी सतार शिकवली. खाली शिकवणारी बाई बसलेली असताना ही बया व्हिडिओ बघून शिकणार, आणि कौतुक करणार ते काकांचं. "काका किती पेशन्सने करतात ना!" हो, करतात. माझ्या दोन पडद्यांसाठी तेवढा तो पेशन्स नाही.

१२ जानेवारी, रविवार

हे भोगीची भाजी आणायला मंडईत गेले होते. छोटी सतार कोपऱ्यात उभी. हात लावायचा नाही असं ठरवलं होतं. तार छेडायची नखी बोटात कधी चढवली ते कळलंच नाही.

सा ठीक. रे ठीक. गंधार — हा तर पेटीचा गंधार! चढा. अगदी किंचित, पण चढा. बाजाच्या पेटीचा गंधार असाच असतो. सतारीवर तो कानाने उतरवून बांधावा लागतो. मोबाइलला काय, त्याला पेटीचाच ठाऊक. पण ह्यांना? पेटीच्या गंधाराला नाक मुरडण्यात ह्यांची हयात गेली. समोरच्यांकडे भजन सुरू झालं की खिडकी लावून घेणारा माणूस! त्याने तोच गंधार घट्ट गाठ मारून बांधून ठेवला.

मला आनंद झाला. खोटं कशाला लिहू, खूप झाला. त्या पोरीला कान नाही! आणि तिच्या नादात ह्यांचाही गेला. पडदा केसभर खाली सरकवला असता की काम झालं होतं. नाही सरकवला. सतार होती तशी ठेवली आणि कणीक मळायला घेतली.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. कादंबरी काळी साडी नेसून तिळगूळ घेऊन आली. छान दिसत होती, त्याचाही राग आला. ह्यांनी सतार तिच्या हातात दिली. तिने सारेगम वाजवलं आणि म्हणाली, काका, एकदम परफेक्ट. हेही मान डोलवत होते.

मग माझ्याने राहवेना. "गंधार पेटीचा बांधलायत तुम्ही. लक्ष कुठे होतं बांधताना?"

तिला गंधाराचं कळलं नसेल, पण उरलेलं नेमकं कळलं. लाल झाली बिचारी. सतार तिथेच ठेवून वर गेली. हे आत जाऊन पडले. जेवले नाहीत. मी वाढलेलं ताट तसंच झाकून ठेवलं.

गोड बोलायच्या दिवशी असं बोलले मी. तरी आतून बरं वाटतंय.

१५ जानेवारी, बुधवार. किंक्रांत.

सकाळी चहा घेताना हे आपणहून म्हणाले, "कुसुम, गंधार चढा की उतरा, मला आता ऐकू येत नाही. गेले काही महिने. हिरवा दिवा बघून बांधला."

म्हटलं, मग मला का नाही बसवलंत? तिला सुरातलं ओ की ठो कळत नाही.

"म्हणून तर तिला बसवलं. तुला पहिल्याच पडद्याला कळलं असतं."