शेवटच्या दोन रेघा

प्रिय वेब्खेत,

मासळीवाल्याची नाव उत्तरेला सुटायच्या आत हे संपवायचंय. बाबांचा एक जुना मसुदा पुसून त्यावर लिहितेय, मधेच त्यांची अक्षरं डोकावली तर तिकडे लक्ष देऊ नकोस. सकाळपासून नुसती ऊठबस चाललीय. पाणी घेऊन गाढवं आली का बघून आले, कांदे चिरले, पुन्हा बसले. माझा राग गेलाय असं मात्र समजू नकोस.

बाबांच्या जागी आलेला नवा लेखनिक थडग्याच्या भिंतीवर राजाच्या जोडमुकुटाचं नाव, 'सेखेम्ती', लिहिताना शेवटच्या दोन रेघा विसरला. मुकादम भडकला, "राजाच्या डोक्यावर सिंहीण बसवलीस की रे!" मला हसू आलं, आणि लगेच तू आठवलीस. लहानपणी खापरीवर गिरवताना तूही हेच केलं होतंस. बाबांनी समजावलं होतं, की उत्तरेचा आणि दक्षिणेचा असे दोन मुकुट एकात एक बसतात, म्हणून हा शब्द कायम द्विवचनात. म्हणजे 'दोघी बलवती'. रेघा गाळल्या की उरते एकटी सेखमेत, आणि ती सिंहिणीच्या तोंडाची देवी घरात ताप घेऊन येते. तू कसली ऐकतेस! "पण बोलताना द्विवचन वापरतंय कोण आता?" म्हणून हुज्जत घातलीस. आई चुलीजवळून म्हणाली, "मी वापरते. माझ्या घरात दोन आग्यावेताळ आहेत." तेव्हापासून आपल्या दोघींना मिळून एकच हाक, "सेखेम्ती, जेवायला या."

बाबा गेल्यावर तू आईला उत्तरेला, तुझ्याकडे मेन्नेफेरला न्यायला आलीस. मी म्हटलं, "आई काय चटई आहे, गुंडाळून न्यायला?" तू म्हणालीस, "मग ठेव तुझी आई तुझ्यापाशी." तुझी आई! वेबी, तो शब्द मला अजून टोचतो. तू वळूनही न बघता नावेत चढलीस, आणि आई दारात उभी राहून मला म्हणाली, "जा, बोलाव तिला." मी गेले नाही. तूही मागे फिरली नाहीस. दोघी सारख्याच हट्टी.

आता खरं सांगते. वर्ष संपत आलंय, सेखमेतच्या साथीचे दिवस, आणि आईला ताप भरलाय. वैद्य रोज मंत्र म्हणतो, गाठी मारलेलं कापड तिच्या गळ्यात बांधतो आणि म्हणतो, सेखमेत शिरलीय घरात. शिरणारच. दिसणं जवळजवळ गेलंय तिचं. बीअरमध्ये भिजवलेली भाकरीही गिळत नाही. दिवसभर एकच हाक, "सेखेम्ती." मी जाते, तर माझ्यामागे कुणी येतंय का म्हणून कान देऊन बसते. काल दुपारी मला राहवलं नाही. एकदा माझ्या आवाजात ओ दिली, मग खाटेच्या पलीकडे जाऊन तुझ्या आवाजात. दोन्ही वेळा वेगवेगळे हात पुढे केले. तिनं ते चाचपले आणि हसली. म्हणाली, "अगं बाई, हे दोन्ही हात एकाच पोरीचे. मरत्या आईला तरी असं फसवू नये."

मला एकटीला हा शब्द होता येत नाही, वेबी. म्हणून लिहितेय. मासळीवाल्याला सांगून ठेवलंय, परतताना तुला घेऊनच यायचं. ये. आल्यावर हवं तितकं भांड, पण आधी तिच्या हाकेला ओ दे.

तुझीच, एकवचनात अडकलेली
तमेकेत