टाकीचं ब्लँकेट

मंगळवार, ८ जुलै. सकाळ.
शनिवारी आमच्या लेकीच्या, पुलेंगच्या, होणाऱ्या सासरची माणसं लग्नाची बोलणी करायला येणार. मुलीसाठी ते आम्हाला किती गाई देणार, तो आकडा ठरणार. आमच्याकडे जुलै म्हणजे ऐन हिवाळा, बाहेर बर्फ. गेल्या हिवाळ्यात अंगणातली पाण्याची टाकी गोठून फुटली, तेव्हा मेव्हणा सेखोबे आमच्या अख्ख्या मोखोटलोंग गावात सांगत फिरला, ज्याला टाकी सांभाळता येत नाही तो लेकीची बोलणी काय करणार! यंदा नवी टाकी फुटली तर बोलणीला तोच बसेल, असं घरात ठरलंय. मला न विचारता.
निश्चय: टाकी वाचवायची. एकट्याने. शास्त्रशुद्ध.
मापुलेंग, म्हणजे बायको, टाकीबद्दल काहीतरी विचारत होती. मी प्लॅनमध्ये होतो. हो हो म्हटलं.

बुधवार.
टाकीभोवती कमरेइतक्या गोवऱ्या रचल्या. झकास ऊब. संध्याकाळी बघतो तर अर्ध्या गायब. मापुलेंग म्हणाली, मग चूल काय तुमच्या शास्त्रावर पेटवू?
टाकी वाजवून पाहिली. आवाज पोकळ. म्हणजे आत बर्फ नाही. प्लॅन लागू पडतोय.
नळाला पाणी नाही. नळ गोठला असणार. किरकोळ.

गुरुवार.
घरात बादल्या, डबे, पातेली, सगळं काठोकाठ भरलेलं. ठेचकाळलो. पाहुणे येणार आणि हा पसारा! बोललो. मायलेकी हसल्या. या घरात मला मान नाही.
सेखोबे येऊन गेला. म्हणाला, दाजी, जपा हं टाकीला, फार नाजूक दिसतेय. जळतो मेला.

शुक्रवार. दुपार.
आज पारा फार उतरणार म्हणे. गोवऱ्या संपल्या. शेवटी माझं लग्नातलं ब्लँकेट टाकीला गुंडाळलं. पट्टे उभेच ठेवले. आडवे पांघरले की वाढ खुंटते असं आमच्यात मानतात, टाकी झाली म्हणून काय झालं? बर्फ वितळून ब्लँकेट ओलं होतंय. ओलं घट्ट बसतं. उत्तम. सकाळी काढायचं, झटकायचं, अंगावर घ्यायचं.

शनिवार. सकाळ.
ब्लँकेट निघत नाही. गोठून पत्रा झालाय. गरम पाणी मागितलं तर मापुलेंग म्हणाली, ते पाहुण्यांच्या चहाचं आहे. ब्लँकेटशिवाय बोलणीला बसलेला बाप आमच्याकडे कुणी पाहिलेला नाही. पाहुणे टेकडी चढतायत. काहीतरी सुचेल.

शनिवार. संध्याकाळ.
सुचलं नाही.
धुकं होतं. त्यांचा म्हातारा पुढारी, न्ताते (म्हणजे बाबा) खेथिसा, अंगणात थांबला, टोपी काढून टाकीपुढे वाकला आणि म्हणाला, मुलीच्या वडिलांना नमस्कार. मी शेजारीच, स्वेटरमध्ये. म्हटलं, वडील मी. त्याने मला खालून वर पाहिलं. म्हणाला, तू थांब रे, मोठ्यांना बोलू दे.
सगळे खो खो हसले. सेखोबे नवंकोरं ब्लँकेट सावरत पुढे झाला. सगळे त्याच्यामागून आत.
मी दारातून ओरडलो, पण टाकी फुटली नाही! ठरल्याप्रमाणे मीच बसणार! मापुलेंग म्हणाली, अहो, फुटेल कशी? मंगळवारीच रिकामी केली. तुम्हाला विचारलं, तुम्ही हो हो म्हणालात.
या वेळी सेखोबे हसला नाही. तेच जास्त लागलं.
त्याने गाई चांगल्या मिळवल्या. मी दारापाशी बसून चहा ओतला. पुलेंगने तिच्या ब्लँकेटचं टोक माझ्या खांद्यावर टाकलं. डोळ्यांत पाणी आलं. वाफ फार होती.

रविवार.
ब्लँकेट अजून टाकीवरच.
टाकीला एक चीर नाही. याबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढत नाही.