पाटीच्या चौकटीचा बिल्ला

३ ऑगस्ट

चि. भुंगीस,
मावशीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. पाकीट एवढं जाड, की खालच्या सायकलवाल्याने वर आणून देताना विचारलं, कोर्टाचं काही आलंय का. म्हटलं, कोर्ट परवडलं, भाचीचे प्रश्न आलेत. एकोणतीस. लग्न ठरताना तुझ्या काकांच्या माणसांनीसुद्धा मला एवढे विचारले नव्हते. विचारले असते तर ते बिचारे वाचले असते. आता फोटोतून बघतात नुसते. जिवंतपणी तरी कुठे उलट बोलायचे म्हणा.

तुझा सातवा प्रश्न, आपण दडपले जातोय याची जाणीव मला पहिल्यांदा केव्हा झाली. अगं, माझी शाळा गावातली, चौथीपर्यंतची. जाणिवेचा धडा यायच्या आधीच मला घरी बसवलं. मला झाली ती लघवीची जाणीव. हसू नकोस, आणि तुझ्या विद्यापीठातल्या बाईंना वाचून दाखवताना हे वाक्य गाळू नकोस.

मोज्यांच्या कारखान्यात आमच्या खोलीत चाळीस बायका. मोजा उचलायचा, आत हात घालायचा, बोटं फाकवून उजेडासमोर धरायचा, टाका सुटलाय का बघायचं आणि मग त्याची जोडी लावायची. तुझी आई माझ्यापासून चार खुर्च्या सोडून. दाराशी मुकादमाचं टेबल, त्याच्या डोक्यावर भिंतीत एक खिळा, आणि खिळ्याला लाकडी बिल्ला. सुतळी ओवलेला, वर खोलीचा नंबर डागलेला. संडासला जायचं तर तो घेऊन जायचं. बिल्ला एकच. म्हणजे एक जण जाऊन येईपर्यंत एकोणचाळीस जणींनी मांड्या आवळून मोजे बघायचे. बायकांनी पाणी पिणंच सोडलं होतं. निम्म्या जणींना जळजळ, पण बोलायचं कुणी? मुकादमाशी? त्याच्याशी तर मोज्यांबद्दल बोलायचीही चोरी.

माझ्याकडे शाळेतली फुटकी पाटी होती. तिच्या चौकटीचा तेवढाच तुकडा कापला, तापल्या सुईने नंबर डागला. हुबेहूब. मुकादम फेरीला लांबच्या टोकाला गेला की हा दुसरा बिल्ला निघायचा. वाटेत कुणी हटकलं तर दाखवायला. एरवी तो नापास मालाच्या खोक्यात, एका मोज्याच्या अंगठ्यात झोपायचा. पाच महिने चाळीस बायका पोटभर पाणी प्यायल्या. चौथी शिकल्याचा मला तेवढाच उपयोग झाला बघ. तुझ्या शास्त्रात याला काय म्हणतात ते कळव.

पुढे तुझ्या आईचं लग्न ठरलं आणि तिने काम सोडलं. मुकादमाने माझी हुशारी बघून खिळ्यावरचा बिल्ला माझ्याच हवाली केला. नऊ वर्षं मी सांभाळला. तिच्या लग्नानंतर दोन वर्षांनी हंगामात बायका कमी पडल्या, तेव्हा मीच शब्द टाकून तुझ्या आईला सहा आठवडे परत लावून घेतलं. हेही लिही. मावशीचं चांगलं कुणी लिहीत नाही.

एक कर. हे सगळं आईला विचारत बसू नकोस, तिला त्या दिवसांचा कंटाळा आहे. तेवढं विचार, की गुडघे कसे आहेत आणि थंडीत दरवर्षीसारखी महिनाभर येते ना. तिच्यासाठी नवी गादी भरून घेतलीय. वर्षातला तो एक महिना मी माणसात असते.

एकोणतीस प्रश्नांनंतरही तुझ्यावरची माया कमी झालेली नाही. तुझीही होऊ देऊ नकोस.

तुझी
मावशी


१७ ऑगस्ट

ती. मावशीस,
भुंगीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र बाईंनी दोनदा वाचलं आणि लघवीच्या वाक्याखाली लाल रेघ मारली. मला वाटलं चूक काढली. तर म्हणाल्या, प्रबंधातलं हे प्रकरण या वाक्यापासून सुरू कर. तसंच केलंय. एक परिच्छेद पुस्तकांचा, एक आपल्या घरचा. प्रत सोबत आहे. शब्द अवघड वाटले तर शिव्या दे, पण वाच.

आता खरं सांगते. तू नको म्हणाली होतीस, तरी मी ते आईला वाचून दाखवलं. तिचं आयुष्य तिला न सांगता छापायचं हे मला पटेना. रविवारी सकाळी ती भाजी निवडत बसली होती. पाटीच्या चौकटीपर्यंत हसत होती. म्हणाली, ती सुई माझी होती, वाकडी करून परत दिली तुझ्या मावशीने.

मग मी पुढचं वाचलं. पुस्तकात एक मुद्दा आहे, की दडपणाला बाहेरचे पहारेकरी फार लागत नाहीत, दाबलेल्यांपैकीच एकीला दाराशी बसवलं की काम भागतं. त्याला उलट उदाहरण म्हणून मी तुला घातलंय. आमच्या मावशीच्या हाती बिल्ला आला आणि बायकांना हायसं वाटलं, असं. इथे आईचा हात थांबला. ती म्हणाली, “उरलेलं तुझ्या मावशीला विचार.” आणि भाजी तशीच टाकून आत गेली.

त्याला आठवडा झाला. जेवते, बोलते, शेजारणीशी हसतेसुद्धा. पण थंडीत तुझ्याकडे जायचं विचारलं तर म्हणाली, यंदा बघू. आईचं बघू म्हणजे काय ते तुला माहीत आहे.

प्रकरण द्यायची मुदत महिनाअखेर आहे. ती टळली तर टळली, बाई सांभाळून घेतील. पण मावशी, मी काय मोडलं ते मला कळत नाही. उरलेलं म्हणजे काय? लवकर लिही. झोप उडालीय माझी.

माया आहे म्हणूनच हट्ट करते, रागावू नकोस.

तुझी
भुंगी


२४ ऑगस्ट

चि. भुंगीस,
आशीर्वाद. वि. वि.

तुझं प्रकरण फूटपट्टी खाली धरून ओळ ओळ वाचलं. ‘सत्तासंबंध’ या शब्दात जीभ अडकली ती अजून सुटली नाही. पण ते दाराशी बसवलेल्या बाईचं वाक्य एका दमात कळलं. उलट उदाहरण कुठलं, मी सुलट उदाहरण आहे.

तुला पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं. तुझ्या आईने काम सोडलं नाही, तिला काढलं. लग्न नंतर घाईने उरकलं.

झालं असं. एक दिवस मुकादम फेरी अर्धी टाकून वळला. खरा बिल्ला घेऊन एक जण परत येत होती, ती त्याला बोळात भेटली. चार पावलांवर तुझी आई, हातात दुसरा बिल्ला. दोन्ही शेजारी धरून बघितले त्याने. तिला खोलीत आणून उभं केलं आणि विचारलं, हा कुणी केला. ती गप्प. मग त्याने सगळ्यांना विचारलं. चाळीस जणींना माहीत होतं, एकीनेही तोंड उघडलं नाही. तुझ्या आईने एकदाच माझ्याकडे बघितलं. माझा हात मोज्यात होता. मी तो मोजा उजेडासमोर धरला आणि टाके बघत बसले. त्या मोज्यात एकही टाका सुटलेला नव्हता, हे मला अजून आठवतं. तुझी आई डबा उचलून निघून गेली.

आठवड्याने मुकादमाने खिळा उपटला आणि बिल्ला माझ्या मांडीवर टाकला. म्हणाला, तू शहाणी आहेस, आजपासून कुणी कधी जायचं ते तू ठरव. त्याला कळलं होतं का कुणाचं काम आहे? कोण जाणे. कळलं असेल तर माझ्याहून हुशार निघाला.

आणि भुंगी, मला ते आवडलं. हे लिहिताना कान गरम झालेत, पण आवडलं. माझ्याहून थोरल्या बायका माझ्यासमोर येऊन उभ्या राहायच्या, आवाज मऊ करून मागायच्या. एखादीने आदल्या दिवशी टोमणा मारला असेल तर मी म्हणायची, आत्ताच तर जाऊन आलीस. मुकादमाला पुढे आरडाओरडा करावाच लागला नाही. मीच होते.

तुझी आई दरवर्षी येते, माझ्या शेजारी झोपते, आणि आम्ही या एका गोष्टीवर कधी बोललो नाही. मला वाटलं होतं, विसरली. पण विसरली नसेल आणि तरी येत असेल तर मग मी कसलं माणूस. हे पत्र तिला वाचायला दे. आणि तिचा चेहरा कसा होता ते मला कळव. गादी गुंडाळून ठेवलीय. जिन्यात पाऊल वाजलं की वाटतं पोस्टमन आला, आणि येतो तो सायकलवाला, पंप शोधत.

हे वाचूनही माया उरली तर ठेव. मागायचं तोंड नाही.

मावशी


२ सप्टेंबर

ती. ताईस,
धाकटीचा नमस्कार. वि. वि.

मला पत्र लिहायची सवय नाही, म्हणून थोडक्यात लिहिते.

तुझी दोन पानं भुंगीने दिली. मी चष्मा लावून वाचली, मग तिच्याकडून वाचून घेतली. त्या दिवसाचं मी त्याच संध्याकाळी सोडून दिलं होतं. भाऊजी अंथरुणाला खिळलेले होते, दोघींपैकी एकीला कामावर राहायलाच हवं होतं. तू उठून पुढे आली असतीस तर मीच तुला खुळी म्हटलं असतं. मी तुझ्याकडे बघितलं ते गप्प बस म्हणून.

माझा राग तो नाही. माझा राग हंगामातल्या सहा आठवड्यांचा आहे. तू शब्द टाकलास, परत लावून घेतलंस, खरं आहे. मला सातवा महिना होता. भुंगी पोटात. एका सकाळी मी तुझ्यासमोर येऊन बिल्ला मागितला. बिल्ला तुझ्या मांडीवर होता. बाहेर कुणी गेलेलं नव्हतं. तू मान वर न करता म्हणालीस, “थांब जरा. बहिणीला आधी दिला असं व्हायला नको.” मी जागेवर जाऊन बसले. जोड्या लावत राहिले. थोड्या वेळाने खुर्ची ओली झाली. शेजारणीने बघितलं, मग तिच्या शेजारणीने. मी नापास मोज्यांनी खुर्ची पुसली, फरशी पुसली. तू मोजा उजेडासमोर धरून बघत होतीस.

एवढं सगळं लिहिलंस, कान गरम होईपर्यंत लिहिलंस, पण हे नाही लिहिलंस. मी आठवडाभर विचार करतेय, की तू हे लपवलंस की तुला आठवतच नाही. लपवलं असशील तर बरं.

सोबत तुझा बिल्ला आहे. मुकादमाने त्या दिवशी माझ्या अंगावर फेकला होता. मी उचलून डब्यात टाकला, तेव्हापासून माझ्याकडे आहे. पाटीची तेवढी चौकट तरी शिल्लक राहिली.

गुडघे बरे आहेत.

धाकटी


७ सप्टेंबर

चि. धाकटीस आणि भुंगीस,
दोघींना आशीर्वाद. वि. वि.

दोघींना एकच पत्र, कारण दुसरं लिहायचं बळ नाही.

धाकटे, मला आठवत नाही.

तीन दिवस बिल्ला समोर ठेवून बसले. हंगाम आठवतो. शब्द टाकल्याचं आठवतं, ते तर मी सगळ्यांना सांगत फिरले. तुझी खुर्ची खिडकीशी घेतली होती, तुला वारा लागावा म्हणून, तेही आठवतं. तो दिवस नाही आठवत. तुझ्या भाऊजींच्या फोटोला विचारलं, तेही नेहमीसारखे गप्प. काल मनात आलं, लपवलं होतं असंच लिहावं, तुला तेच बरं वाटणार आहे. एवढं एक खोटं तुझ्यासाठी बोलावं. मग म्हटलं, नको. लग्न ठरलं म्हणून काम सोडलं, हे खोटं मी तीस वर्षं सांभाळलं, त्याला भावंड नको.

नऊ वर्षं, दिवसाला कितीजणी. सगळ्यांना थांब म्हटलं असणार. त्यातली तू एक होतीस आणि मला वेगळी कळलीही नाहीस. यापेक्षा वाईट मला माझ्याबद्दल काही सापडत नाही.

भुंगे, हे छाप. माझं उलट उदाहरण खोड. तुझ्या पुस्तकांत कुठे असेल तर मला पान दाखव, नसेल तर तू घाल, की जिला थांबावं लागलं तिला खुर्ची, फरशी, शेजारीण, सगळं आठवतं, आणि जिने थांबवलं तिला फक्त आपण केलेले उपकार आठवतात. चौथी शिकलेल्या बाईने सांगितलं म्हणून लिही. बाईंनी लाल रेघ मारली तर मारू दे. आणि तूही त्या खोलीत होतीस म्हणून लिही. जन्मायच्या आधीच तुलाही थांबवलं मी.

धाकटे, आता राहिलं एक. थंडीत तू येशील का, हे मी विचारणार नाही. मीच येते. गुरुवारी दुपारच्या गाडीने निघते, तिसऱ्या प्रहरी तुमच्या दाराशी असेन. बिल्ला सोबत आणते. तो तुझ्या हातात देईन, मग तो चुलीत घाल नाहीतर खिळ्याला लाव.

बेल वाजवेन ती एकदाच. तुझं काही काम चाललं असेल तर ते आधी उरक. पडायचं असेल तर पड. उघडावंसं वाटेपर्यंत उघडू नकोस, आणि भुंगे, तू मध्ये पडून कडी काढू नकोस. जिन्यात बसायला पायरी आहे.

मी थांबते.

ताई