पाठीमागून हाक

१९ डिसें.
निबंध परत. तिसऱ्यांदा. काउन्सेलर मॅडम म्हणाल्या, "बस्ती के बच्चों को पढ़ाया, ये तो सब लिखते हैं बेटा. तुम्हारे घर में ऐसा क्या है जो किसी और के यहाँ नहीं?"
पुण्याचं कॉलेज. मार्क सगळ्यांना सारखेच, स्कॉलरशिप निबंधावर.
आमच्या घरात काय आहे? कोणी कोणाला पाठीमागून हाक मारत नाही, एवढंच. हे काय लिहायचं असतं?

२३ डिसें.
लिहिलं. एका बैठकीत. बाबांचे कान. गोविंदपुऱ्याच्या कारखान्यात पत्रे दाबायच्या प्रेसच्या आवाजाने गेले. डावा पूर्ण, उजवा जवळजवळ. ओठ वाचतात. म्हणून घरात समोर येऊन बोलायचं, तोंडात घास असताना बोलायचं नाही, वीज गेली की आधी टॉर्च, मग गप्पा. कारखान्यात कोणालाच माहीत नाही. कळलं तर घरी बसवतील.
मॅडमच्या डोळ्यांत पाणी. मग एकदम, "और क्रेन का सायरन?"
म्हटलं, सोबत लाल दिवा लागतो, बाबा तो बघतात.
"बल्ब फ्यूज़ हो गया तो?"
फॉर्म भरून टाकला.

२८ डिसें.
बाबांनी विचारलं, "कशावर लिहिलंस गं?" ताटात बघून "घरावर" म्हटलं. त्यांना कळलं नाही. मान वर करून पुन्हा सांगावं लागलं. "छान," म्हणाले. भाजी वाढून घेतली.
त्यांना न विचारता लिहिलं. आता काय विचारणार.
हल्ली कामावरून यायला जरा उशीर झाला की मी गॅलरीत. स्कूटर दिसेपर्यंत काही सुचत नाही. आधी कधी असं होत नव्हतं. तो बल्ब मॅडमने डोक्यात घातलाय.

४ जाने.
आईने घोळ घातला!! इथल्या मराठी मंडळाच्या तिळगूळ समारंभात दरवर्षी बारावीतलं एक मूल स्वतःचं काहीतरी वाचून दाखवतं. बापटकाकूंनी विचारलं, आईने माझा निबंध व्हॉट्सअॅपवर पाठवून दिला. न वाचता. "इंग्रजीत होता गं, मोठा होता. मॅडम एवढं कौतुक करत होत्या ना!"
बापटकाका मंडळाचे अध्यक्ष. कारखान्यात बाबांच्या शॉपचे, म्हणजे विभागाचे, साहेबही तेच.
काय लिहिलंय ते आईला सांगितलं. तिने घाईघाईने डिलीट केला. पाचच मिनिटांत काकूंचा फोन: "अगं, डिलीट का केलास? मी डाउनलोड करून ठेवलाय. निवांत वाचते."

९ जाने.
काकूंनी वाचला का? काकूंना विचारायची आईची छाती होत नाही. माझीही. बाबांना दोघींनीही सांगितलेलं नाही. आई स्वयंपाकघरात पाठ करून रडते, म्हणजे बाबांना पत्ता लागत नाही. मला फार भीती वाटतेय. नोकरी गेली तर, ही एक. आणि नाही गेली, बाबा रोज त्या क्रेनखाली उभे राहिले तर, ही दुसरी. दुसरी जास्त मोठी आहे. हे कोणाला सांगू?

१८ जाने. रविवार
समारंभ झाला. मी आईच्या गुळाच्या पोळ्यांवर काहीतरी खरडून नेलं होतं, तेच वाचलं. बाबा पहिल्या रांगेत, डोळे माझ्या ओठांवर. लोक हसले की जरा उशिरा हसायचे. काकू एकदाही हसल्या नाहीत.
निघताना बाबा दाराशी चपला शोधत होते, आमच्याकडे पाठ. बापटकाका माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. हाक मारली, "सोमण!" मग पुन्हा, मोठ्याने. हॉलमधले चारजण वळले. बाबांच्या कोपराला नुसता हात लावला असता तरी चाललं असतं. माझा हातच उचलेना. बाबा चपला घालून जिना उतरून गेले.
काकांनी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला. "बाबांना सांग, उद्या शॉपमध्ये जाऊ नका. आधी माझ्या केबिनमध्ये या." रागावलेत की काय, चेहऱ्यावरून काही कळेना.
घरी आल्याआल्या बाबांनी विचारलं, "बापट काय म्हणत होता तुला? जिन्याच्या वळणावरून बोलताना पाहिलं मी."
मी तिळगूळ तोंडात टाकला.
"खा सावकाश," म्हणाले. "मग सांग."
मी उठून आत आले, हे लिहितेय. तिळगूळ केव्हाच संपला. बाहेर बाबांनी मोठा दिवा लावलाय. माझं तोंड नीट दिसावं म्हणून.