एकदाच दिसलेला बग

सोमवार, ६ जानेवारी २०२५
वर्षाचा पहिला सोमवार. संकल्प दोन. रोज लिहायचं. कशालाही घाबरायचं नाही. तिसरा आठवला की लिहीन.

कामाबद्दल एकदाच नोंदवतो. आमचं सॉफ्टवेअर एका कॉम्प्युटरच्या पोटात दहा कॉम्प्युटर चालवतं. दहा जणांना मेमरी एकच. दोघांनी एकाच क्षणी एकाच जागी हात घातला की कोण आधी पोचला यावर सगळं ठरतं, आणि कधीतरी गडबड होते. दहा हजारांत एकदा. ती गडबड मुद्दाम घडवून पकडणं हे माझं काम. पुण्याच्या ऑफिसातल्या अनुपमा मॅडम म्हणतात, याला चिकाटी लागते. ती माझ्याकडे उपजत आहे. म्हणूनच मला बिरवाडीत घरी बसून काम करू देतात.

गुरुवार, ९ जानेवारी, सकाळी ११.४०
बग सापडला. चाचणीचा रन नंबर ३११२. सातव्या मशीनचा सतत पळणारा आकडा जागच्या जागी थांबला. लाल खूण नाही, मेसेज नाही, माउस हलतोय. थांबलाय हे कळतच नाही.

११.५५
स्क्रीनशॉट राहिला. हात सवयीने रीस्टार्टवर गेला. पुन्हा चालवलं, पास. आणखी हजार रन, पास. लाईटचं व्होल्टेज वरखाली झालं असणार. इन्व्हर्टरही जुना आहे. 'पुन्हा घडत नाही' असं लिहून बग बंद केला. जेवायला नको म्हटलं, सकाळी पोहे तेलकट होते.

सोमवार, १३ जानेवारी
दर्शना, माझी बायको, एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यात कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर आहे. रिअ‍ॅक्टरचं म्हणजे रसायनाच्या मोठ्या टाकीचं तापमान बघायचं, वाढलं की थंड पाणी सोडायचं. चहा पिताना म्हणाली, जुने सात कॉम्प्युटर जाणार, एकच मोठं मशीन आलंय, सातही त्याच्याच पोटात. सॉफ्टवेअरचं नाव सांगितलं. मी परत सांगायला लावलं.

आमचंच आहे.

गुरुवारपासून ट्रायल. सोमवारी २७ तारखेला अकरा वाजता जुन्या स्क्रीन काढणार. मी अभिनंदन केलं.

मंगळवार, १४ जानेवारी
संक्रांत, तरी काम. बग पकडायचा नाहीतर संपवायचा. प्रत्येक मशीनने काय केलं ते लगेच लिहून ठेवावं अशा लॉगच्या ओळी जागोजागी घातल्या. संध्याकाळपर्यंत चाळीस हजार रन. एकदाही नाही. बग आपोआप बरा झाला. असं होतं कधीकधी. तिळाचे चार लाडू खाल्ले.

गुरुवार, १६ जानेवारी
दर्शना नव्या स्क्रीनवर खूश. जुन्यावर तापमानाचा आकडा सारखा नाचायचा, म्हणाली. "आज बासष्ट म्हणजे बासष्ट. कितीतरी वेळ हललाच नाही."

किती वेळ, विचारलं. तिने मोजला नव्हता. जुन्या स्क्रीनवरही लक्ष ठेव, म्हटलं. का, म्हणाली. म्हटलं, सहज. अर्धी भाकरी ताटात ठेवून उठलो. बग बरा झालेला असताना हे बरोबर नाही.

शनिवार, १८ जानेवारी
आईला घेऊन पोलादपूरकडच्या गावी. तिला देवीला कौल लावायचा होता, धाकट्या भावाच्या लग्नाचं विचारायचं होतं. कुशाबा गुरवांनी देवीला ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली, म्हणजे हो. आई प्रसन्न. मग मीही लावून घेतला. मनात विचारलं, बग गेला ना?

डावी पडली, म्हणजे नाही. दुसऱ्यांदा लावायला सांगितला. डावीच. तिसऱ्यांदा उजवी. मी लगेच हात जोडून उठलो.

कुशाबा म्हणाले, "बस खाली. पयला पडला तो कौल. तुला पायजे तो पडंस्तोवर लावत बसलास, तर तू देवीला नाय विचारीत रे, तुझं तूच ठरवून आलायस."

त्यांना सॉफ्टवेअरमधलं काही कळत नाही. परत येताना आईने दोनदा गाडी हळू चालवायला सांगितलं.

सोमवार, २० जानेवारी, दुपारी ४
वाईट विचार आला. लॉग लिहायला मशीनला क्षणभर थांबावं लागतं. तेवढ्यात दुसरं मशीन आपलं काम उरकून जातं. टक्कर होतच नाही. म्हणजे चाळीस हजार रन मीच त्यांना वाट करून देत होतो. कारखान्यात त्या ओळी नाहीत.

ओळी काढल्या. रन २९४०, थांबला. आकडा, माउस, सगळं त्या दिवशीसारखं. लॅपटॉप मिटला आणि अंगणात जाऊन उभा राहिलो. भीती वाटली. लिहूनच टाकतो, फार भीती वाटली.

उद्या सकाळी मॅडमना मेल.

मंगळवार, २१ जानेवारी
मेल चौथ्यांदा लिहिला. विषयात 'गंभीर' होतं, ते 'एक निरीक्षण' केलं. ९ तारखेला मीच बंद केला हे वाक्य कुठेही ठेवलं तरी डोळ्यात येतं. मग घरून काम बंद, कदाचित कामच बंद. नेट कमी होतं म्हणून पाठवला नाही. आईची मालिका मात्र त्याच नेटवर नीट चालू होती.

बुधवार, २२ जानेवारी
दर्शनाला म्हटलं, महिनाअखेरपर्यंत रजा घे, अशक्त दिसतेस. म्हणाली, "नवीन स्क्रीन आत्ताच तर शिकायचीय. आणि अशक्त तुम्ही दिसताय." मला लिंबूपाणी करून दिलं आणि दुसऱ्या पाळीच्या बसने गेली. तापमान वाढलं आणि आकडा बासष्टच राहिला, तर तिला पाणी सोडायचं कळणार कसं? बस वळेपर्यंत बघत होतो.

शुक्रवार, २४ जानेवारी
मेल तयार. अतिशय संतुलित. शुक्रवारी संध्याकाळी मेल कोणी वाचत नाही, म्हणून सोमवारी नऊला पाठवणार. स्क्रीन अकराला काढणार. दोन तास भरपूर झाले.

सोमवार, २७ जानेवारी, सकाळी ९.०५
मेल उघडला, तर शनिवारीच कस्टमरची तक्रार आलेली. सर्वात तातडीची. काम माझ्या नावावर.

लिहिलंय: पाळी बदलताना जाणारा ऑपरेटर सिस्टीममधून लॉगआउट होत असतानाच येणाऱ्याने लॉगइन केलं, तर सातव्या मशीनचा आकडा थांबतो. पाचपैकी पाच वेळा. नव्या स्क्रीनवर बासष्ट, जुन्या स्क्रीनवर आणि रिअ‍ॅक्टरच्या डायलवर एकाहत्तर, म्हणून लक्षात आलं. पाणी हाताने सोडलं. जुन्या स्क्रीन काढणं थांबवलं आहे.

खाली नाव: दर्शना हर्षद सकपाळ, ऑपरेटर.

एकाहत्तर दोनदा वाचलं.

मॅडमनी खाली लिहिलंय, इतकी नेमकी तक्रार आपल्या टेस्टिंग टीमनेसुद्धा कधी दिली नाही. त्याखाली माझ्यासाठी रिकामा रकाना: हा बग याआधी दिसला होता का? कधी?

९.१५
शांतपणे विचार केला. बग सापडलाय, कोणाला काही झालेलं नाही. 'नाही' लिहिलं तर कुठेच काही बिघडत नाही. लिहिलं.

९.३०
दर्शना चहा घेऊन आली. म्हणाली, "तुमच्याकडेच आलंय ना ते? दोन दिवस मुद्दाम बोलले नाही, तुम्ही घाबरला असता." मी कप घेतला. ती तिथेच उभी राहिली.

मग म्हणाली, "अहो, एक सांगा. बुधवारी मला रजा घ्यायला का सांगत होतात?"

मी 'सहज' म्हणणार होतो. तेवढ्यात तिने स्क्रीनकडे पाहिलं, रकाना वाचला, मी लिहिलेलं 'नाही' वाचलं.

ते खोडून लिहिलं: हो. ९ जानेवारी, सकाळी ११.४०. मी बंद केला.

तिने तेही वाचलं. मग दुसऱ्या पाळीच्या बसला बराच वेळ असूनही, माझ्याकडे न बघता आपला डबा भरायला घेतला.