मशीन सूनबाईला, विनाअट

मी खाली सही करणार, वय सत्तरीच्या पुढे, शिक्षण मॅट्रिक पास, धंदा घरकाम आणि उतारवयात पाऊच शिवणे, देवाला स्मरून हे मृत्युपत्र हिशोब लिहिते त्याच अक्षरात लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. 'चित्त स्थिर आहे' असेही लिहायची रीत आहे म्हणतात, पण ते मला शपथेवर लिहवत नाही. सोमवारी छातीचे ऑपरेशन आहे. ते ठरल्यापासून दुधावर झाकण ठेवले की नाही हेसुद्धा चारदा उठून बघते.

साक्षीला बसलेल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, असं लिहिलंत तर कोर्ट काय म्हणेल?"

मी म्हटले, "आणि खोटं लिहिलं तर देव काय म्हणेल?"

त्यावर त्यांनी नाडी पाहिली आणि बुद्धी शाबूत असल्याचे वेगळ्या कागदावर लिहून दिले. तो सोबत जोडला आहे.

कलम १. घर यजमानांनी मरणापूर्वी माझ्या नावे केले. त्याच्या मागच्या दोन खोल्या थोरल्या मुलाला. पुढची खोली आणि स्वयंपाकघर धाकट्या सूनबाईला. धाकटा मुलगा देवाने आमच्या आधी नेला, म्हणून त्याचा वाटा त्याच्या बायकोचा. यात उपकार नाही, वाटणी आहे.

कलम २. पासबुकात जे असेल त्यातून आधी दवाखाना भागवावा. उरेल ते दोघांत निम्मे. माझ्या दिवसकार्यावर उधळपट्टी करू नये. देव साधा आहे, त्याला मंडप लागत नाही. जपमाळ माझ्याबरोबरच जाऊ द्यावी.

कलम ३. माझी मोठी कात्री. यजमानांच्या बहिणीने, म्हणजे माझ्या वन्संनी, नवे भरतकामाचे मशीन घरात आले त्या दिवशी चार बायकांत विचारले होते, "गोवऱ्या मसणात गेल्या, आता ही नक्षी कुणाला दाखवायची?" मी तेव्हा चहा पुढे केला, उत्तर नाही. आता देते. वन्संच्या जिभेला आहे ती धार पुष्कळ आहे, त्यांना कात्रीची गरज नाही. सबब कात्री सूनबाईला. वन्संना माझी शाल द्यावी, त्यांना थंडी बाधते.

कलम ४. आता मशीनचे. याच कलमासाठी बाकीचे कागद आहेत, आणि याच्यामुळेच झोप उडाली आहे.

हे मशीन आम्ही दोघींनी मिळून घेतले. धाकटा गेल्यावर सूनबाई भिंतीकडे तोंड करून बसायची. मी म्हटले, बसायचेच तर मशीनपुढे बैस. आज चेनचे पाऊच आमच्या घरून बाजारपेठेतल्या दुकानांत जातात. घर त्यावर चालते. थोरला मुलगा पैसे पाठवतो, नाही असे नाही, पण पाठवतो तेव्हा हिशोब विचारतोही.

तो गेल्या रविवारी आला होता. मसुदा वाचून म्हणाला, "आई, एक ओळ राहिली. उद्या हिने दुसरा घरोबा केला तर मशीन घेऊन जाईल, खोलीही जाईल. 'या घरची सून म्हणून राहील तोवरच' असं लिही."

"ती कुठे जातेय?" मी विचारले.

"ते मास्तर रोज कशाला येतात?"

रोज नाही, आठवड्याला. शाळेतले गणिताचे मास्तर आहेत, बायको वारली आहे. दर खेपेला पेनांसाठी एक पाऊच नेतात. एका माणसाला इतकी पेने कशाला लागतात, हे मी विचारलेले नाही. डोळे मात्र मला आहेत. सूनबाई त्यांचे पाऊच शिवताना गुणगुणते, दुकानाचे शिवताना गुणगुणत नाही.

ती ओळ मी लिहिली. मुलाच्या भरीला पडून लिहिली असे म्हणणार नाही. मलाच भीती वाटली. ती गेली तर सकाळी उठून मी कोणाला हाक मारू? ऑपरेशनातून उठलेच तर पाणी कोण देईल?

दुसऱ्या दिवशी सूनबाई मशीनवर होती. आमचे काम असे चालते. फ्रेममध्ये जाड पेपर ताणायचा, त्यावर चेन चिकटपट्टीने बसवायची, दोन्ही अंगांना कापड, नक्षी मशीन आपसूक काढते. शेवटी मागचे कापड उलटे पालथे घालायचे आणि चारी बाजूंनी एक टीप. त्या टिपेआधी चेनचा रनर मधोमध ओढून चेन अर्धी उघडी ठेवावी लागते, कारण पाऊच उलटून सुलटा करायचा तो त्याच तोंडातून. सूनबाई हे विसरते. म्हणून मशीन थांबले की मी जागेवरून ओरडते, "चेन उघड गं!" त्या दिवशी मी ओरडले नाही. मनात ती ओळच घोळत होती.

टीप पडली. चेन बंद. पाऊच चहूकडून शिवलेला, बाहेर नुसत्या कडा आणि दोरे. सूनबाईने तो कानाशी धरून हलवला आणि हसली.

"आई, नक्षी आतल्या आत अडकली बघा. मेहनत तेवढीच लागली, पण कुणाला दिसायची नाही."

मग उसवणी घेऊन खिडकीपाशी बसली आणि टाका टाका उसवू लागली. गुणगुणत नव्हती. मी तिच्या वाकलेल्या मानेकडे पाहत राहिले. अजून वय काय आहे तिचे?

मी आत जाऊन ती ओळ खोडली. खोडण्याच्या घाईत शाई सांडली. मसुद्यावरचा डाग तोच आहे, त्यावरून कोणी वाद घालू नये.

सबब, भरतकामाचे मशीन, सर्व फ्रेमी, दोऱ्यांचा डबा, चेनचा साठा आणि दुकानदारांची ओळख हे सर्व सूनबाईचे. ती या घरात राहो वा दुसऱ्या, हे आडनाव लावो वा दुसरे. थोरल्याने हरकत घेऊ नये. बाळा, तुझ्यावर माया कमी नाही, पण तुला कोणी भिंतीशी बसवलेले नाही.

कलम ५. कलम चार आजपासूनच लागू समजावे. वकीलसाहेब म्हणाले, "आजी, मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होतं. हयातीत द्यायचं तर ते बक्षीसपत्र." मी म्हटले, "मग तेही करा, पण सोमवारच्या आत." सोमवारी मी वाचले तर मन फिरेल, याचीच मला मरणापेक्षा जास्त धास्ती आहे.

कलम ६. हे सर्व आज सूनबाईला वाचून दाखवले. मास्तरांचा उल्लेख आला तेव्हा ती उठून दोऱ्यांचा डबा आवरू लागली. डबा आवरलेलाच होता. त्याला झाकण लावून म्हणाली, "आई, मी गेले तर तुमच्या गोळ्या कोण देणार?"

मी म्हटले, "मास्तरांना विचार, मशीनबरोबर एक म्हातारी येते, चालेल का?"

वरील वाक्य अट म्हणून वाचू नये.

हे मी राजीखुशीने, कोणाच्या दडपणाखाली न येता लिहिले. भीती होती, पण ती माझी स्वतःची होती.

मृत्युपत्र लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार पहिला: डॉक्टरीणबाई, कोपऱ्यावरचा दवाखाना (सही)
साक्षीदार दुसरा: चेन आणि अस्तराचे दुकानदार (सही)
मास्तर साक्षीला तयार होते, मीच नको म्हटले.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली, मशीनशेजारचे टेबल
दिनांक: ऑपरेशनाआधीचा शुक्रवार, सकाळी, पूजा आटोपल्यावर