रबर लावलेला मोबाइल

आईला धाकटीचा नमस्कार,

मी ठणठणीत आहे. हाताची पट्टीही सुटेल लवकर. जुन्या बॅटऱ्यांच्या गोदामाची तपासणी करताना एक फुगलेली बॅटरी पेटली, एवढंच. त्या कशा ठेवायच्या याचे नियम मीच लिहिलेत, तरी घाबरून ती उघड्या हातानेच ढकलली.

तुझे गुडघे कसे आहेत? बाबा पथ्य पाळतात ना?

गावातल्या लग्नाच्या फोटोत तुझा मोबाइल दिसला. झाकण निघतं म्हणून रबर लावलंयस. अगं, झाकण सैल नाही झालेलं, आतली बॅटरी फुगलीय! तो दाबू नकोस, चार्जिंगला लावू नकोस. बाबांना म्हणावं, अंगणात कोरड्या वाळूच्या बादलीत ठेवा.

आमचे ड्रायव्हरदादा तिकडेच निघालेत, त्यांच्या हाती हे पत्र देतेय.

तुझी,
घाबरट धाकटी

ता.क. घरात तेवढाच एक फोन, म्हणून मुद्दाम केला नाही. वाजला की तू तो कानाला लावशील.